केसरबाईचा आवाज व्हॅनमध्ये का मावेना

बाईमाणसाचा आवाज मोठा असला की तुमच्या पोटात का दुखतं हो? बाप्या माणूस रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतो, तेव्हा तो खड्या आवाजाचा गडी. तेच केसरबाईनं केलं की बाई फार तोंडाळ. हा न्याय कुठल्या कोर्टातला? उत्तर नसेल तर गप बसा आणि पुढं वाचा.

केसरबाई मूळची साक्रीकडची. नवरा कामासाठी सिल्वासाला आला, त्याच्या मागोमाग ही आली. नवऱ्याला इथली हवा मानवली नाही. तो गावी परत निघाला तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, गाव काही पळून जात नाही." गाव अजून तिथंच आहे, नवराही तिथंच आहे आणि केसरबाई इथं सिल्वासात, डोकमर्डीतल्या चाळीत. भावाची पोरगी रोशनी तिनंच वाढवली. रोज सकाळी जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात जायचं आणि दिवसभर मशिनींच्या रांगांमध्ये पळत तुटलेला धागा जोडायचा. तिथं मशिनींचा असा गोंगाट की शेजारणीला पाणी मागायचं तरी छाती फाडून ओरडावं लागतं. तिथल्या बायका मग घरीही तशाच बोलतात. पोराला जेवायला बोलावलं तर अख्खी चाळ ताट घेऊन बसते.

पण केसरबाईचा आवाज त्यांच्यातही वेगळा. कारखान्यात बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. अर्ज करून झाले, विनवण्या करून झाल्या. शेवटी केसरबाईनं गेटाजवळ उभं राहून ठेकेदाराला त्याच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारली आणि कडी का नाही हे तिथूनच विचारलं. समोरच्या कंपनीतले लोकसुद्धा खिडकीत आले. दुपारपर्यंत कडी बसली. संघटना, मोर्चा, निवेदन हे सगळं चांगलंच आहे, पण काही वेळा नुसता गळासुद्धा पुरतो.

तर अशा या बाईवर वेळ आली की तिचा आवाजच कुणाला ऐकू येईना.

त्याचं असं झालं. रोशनीचं लग्न ठरलं, त्याच चाळीतल्या समाधानशी. समाधानची आई मथुराबाई. ही केसरबाईच्याच कारखान्यात, तिच्याच पाळीला, आणि दोघींचं जाणंयेणंही एकाच व्हॅनमधून. दोन्हीकडची हळद एकाच मांडवात करायचं ठरलं, चाळीपुढच्या मोकळ्या जागेत. तिथवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. मग मथुराबाई म्हणाली, "आमच्या समाधानच्या हळदीला डीजे पाहिजे. लखनला सांगून ठेवलंय."

"डीजे?" केसरबाईनं विचारलं. "हळदीची गाणी सोडून डीजे? विहीणबाई, हळद लावायचीये की भिंती पाडायच्यात?"

"मग तुम्ही गा ना रात्रभर."

"गाऊ कशी? मला नाचायचंय!"

हाच खरा पेच होता. रोशनी एकदाच लग्न करणार, आणि त्या हळदीत आत्यानं नाचायचं नाही तर कधी नाचायचं? यावर रोशनीनंच उपाय काढला. आत्याला घरात बसवून, ताटलीवर ठेका धरायला लावून तिची सगळी हळदीची गाणी मोबाईलवर भरून घेतली. बायकांना कारखान्यात नेणाऱ्या नवनाथची व्हॅन मांडवाशेजारी उभी करायची, दारं सताड उघडायची आणि मोबाईल वायरीनं गाडीच्या टेपला जोडून गाणी लावायची. आत्या गाणार पण आणि नाचणार पण.

मथुराबाईनं हे ऐकलं आणि अट घातली. "व्हॅनच्या शेवटच्या सीटवर बसून मला शब्द न् शब्द ऐकू आला, तर डीजे रद्द. नाहीतर शनिवारी लखनला विडा देऊन डीजे पक्का करते."

"मांडवाबाहेर ऐकू येईल," केसरबाई म्हणाली. घरी मोबाईलवर तिनं गाणी ऐकली होती. ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तशा बायका घाम पुसत व्हॅनमध्ये चढल्या. डोक्याला कानांवरून स्कार्फ करकचून बांधलेले. केस मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून सकाळी एकदा बांधले की घरी पोचल्यावरच सुटतात. केसरबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मथुराबाई मुद्दाम अगदी मागं. नवनाथनं वायर मोबाईलला लावली, बटण दाबलं आणि आवाजाची चकती पार शेवटपर्यंत फिरवली.

"काय वं," मागून मथुराबाई म्हणाली, "मुंगी गातीये का कोणी?"

बायका हसल्या. केसरबाई टेपला कान लावून बसली. लांब कुठंतरी, विहिरीच्या तळातून आल्यासारखा तिचा स्वतःचा आवाज येत होता. तिनं रेडिओ लावून बघितला, तर कुठल्या तरी साबणाची जाहिरात त्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं वाजली.

"नवनाथ," ती म्हणाली, "तुझ्या गाडीत साबण माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो?"

हे तिला फार लागलं. आणि केसरबाईला काही लागलं की दुसऱ्या कुणाची तरी झोप उडते. या वेळी नवनाथची उडाली. नवनाथ सटाण्याकडचा, गरीब गाय. भांडण त्याला झेपत नाही, म्हणून त्यानं लग्नही टाळलेलं. त्यानं मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले आणि त्यात सांगितलेलं सगळं करून बघायचं ठरवलं.

आधी सापडलं ते मोबाईलचं कव्हर. रोशनीनं आत्याच्या मोबाईलला आरसेवालं जाडजूड कव्हर घातलं होतं. त्यामुळं वायरीची पिन पुरती आत जातच नव्हती, अर्धी बाहेर लोंबत होती. कव्हर काढलं तशी पिन खट्कन बसली. आवाज वाढला. बायका म्हणाल्या, "नाही बाई, अजून नाही."

मग मोबाईलचा स्वतःचा आवाज. तो वाढवायला गेलं की पडद्यावर सूचना यायची, याहून मोठा आवाज कानाला बरा नाही, वाढवायचा का? केसरबाई दर वेळी घाबरून "नको" दाबायची. कारण तिला वाटायचं, मोबाईल फुटेल. नवनाथनं "हो" दाबलं. आवाज आणखी वाढला. बायका म्हणाल्या, "ऊंहूं."

शेवटी टेपच्या पोटात दडलेलं कलम सापडलं. बटण दाबून धरलं की आत सेटिंग उघडतं, आणि वायरीवरून येणाऱ्या आवाजाची पातळी तिथं रेडिओपेक्षा वेगळी ठरवता येते. ती कुणीतरी पार तळाला ठेवली होती. म्हणजे बघा, त्या एवढ्याशा डब्यातसुद्धा बाहेरून आलेल्याला वेगळा नियम! नवनाथनं ती वर नेली. आता साबण आणि केसरबाई अगदी बरोबरीला आले. नवनाथला तर गाणं छातीत वाजल्यासारखं वाटलं.

"कसं आहे मावशी?" त्यानं खुशीत विचारलं.

"कधी लावणार?" मावशीनं विचारलं.

नवनाथचा चेहरा उतरला. मथुराबाई मागून म्हणाली, "ताटली ऐकू येते, बाई. शब्द काही कळत नाही. विहीणबाई गातात की ताक घुसळतात?"

खरी गोष्ट अशी की शब्द केसरबाईलाही कळत नव्हता. पण तिनं ते कबूल केलं नाही. रात्री रोशनीजवळ मात्र ती म्हणाली, "पोरी, माझा गळाच बसला असेल का गं? मशिनीनं खाल्ला असेल का?" एवढं बोलून ती गप्प झाली. केसरबाई गप्प झाल्याचं कळून शेजारीण काळजीनं बघायला आली.

शुक्रवारी नवनाथ हर्षलच्या दुकानात गेला. हर्षल गाड्यांना टेप बसवतो आणि गिऱ्हाइकानं आवाज सांगितला की त्याच्या दुप्पट देतो. त्यानं सीटखाली एक अँप्लिफायर बसवला आणि म्हणाला, "यानंतर कुणी कमी म्हणालं ना भो, तर तो माणूस आपल्यात नाही, वर गेला असं समज."

संध्याकाळी गाडी कारखान्याच्या गेटातून निघाली ती थरथरतच. काचा वाजत होत्या. आरशाला टांगलेलं लिंबू गरगर फिरत होतं. रस्त्याकडेची कुत्री शेपटी पायात घालून गटारात उतरली. एक म्हातारा सायकलवरून उतरून हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं मिरवणूक आली. नवनाथनं कानांत कापसाचे बोळे कोंबले होते आणि दातओठ खाऊन तो गाडी हाकत होता.

"हां," गाडीतून मथुराबाई म्हणाली, "आता जरा बरं. पण शब्द अजून..."

किलवणी नाक्यावर शिट्टी वाजली. नवनाथच्या कानांत कापूस, त्याला काही ऐकू आलं नाही. शेवटी ट्रॅफिकचा हवालदार धावत येऊन गाडीसमोरच उभा राहिला. त्यानं बाहेरून हात हलवले, तोंड हलवलं. काही कळेना तेव्हा केसरबाईच्या खिडकीशी येऊन तो ओरडला, "ओ मासी! आवाज कम करो!"

"कमीच आहे साहेब!" केसरबाई ओरडली. "चार दिवस तेच तर सांगतोय!"

"अरे बंद करो!"

"काय?"

"बंद!"

"साहेब, नीट बोला, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?" असं म्हणत केसरबाईनं रागानं स्कार्फची गाठ सोडली. स्कार्फ ओढला, त्यासरशी तिच्या कानातून एक पिवळं बूच निघालं आणि मांडीवर पडलं.

मग त्या कानात जे शिरलं ते सांगायला शब्द नाहीत. केसरबाई सीटवरून वीतभर उडाली. तिच्याच आवाजानं तिला अशी कानाखाली वाजवली की आयुष्यात कुणाची तशी हिंमत झाली नव्हती. "मेले!" म्हणून तिनं मोबाईलची वायरच उपटली.

नाक्यावर शांतता पसरली. केसरबाईनं दुसऱ्या कानात बोट घातलं. तिथंही बूच. ती हळूच मागं वळली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि एकेकीचे हात स्कार्फखाली गेले.

झालं होतं ते असं. कारखान्यात गोंगाट फार म्हणून कंपनी कानांत घालायला बुचं देते. मशिनी शांत करा म्हटलं तर खर्च येतो, बूच स्वस्त पडतं. गेटावरचा सेफ्टीवाला बूच नसेल तर आत सोडत नाही, म्हणून बायका सकाळी गाडीत बसण्याआधीच बुचं घालून वरून स्कार्फ आवळतात. ती घरी गेल्यावर स्कार्फबरोबरच निघतात. इतकी वर्षं. कानात काही आहे याची आठवणसुद्धा कुणाला उरली नव्हती. बुचातून ताटलीचा ठेका जात होता, शब्द अडत होते. आपसातलं बोलणं एरवीही ओरडूनच, म्हणून तेवढं पोचायचं.

नवनाथनं कानातला कापूस काढला. "मावशी," तो रडव्या आवाजात म्हणाला, "म्हणजे मी कव्हर काढलं, तेव्हाच..."

"गप," मावशी म्हणाली. "वायर लाव. आणि माणसाच्या आवाजात लाव."

नवनाथनं अँप्लिफायर बंद केला, आवाज निम्म्यावर आणला आणि गाणं पुन्हा सुरू केलं. आता मात्र टेपमधली केसरबाई खरोखर गायला लागली. हळद कांडण्याचं गाणं, नवरीला न्हाऊ घालण्याचं गाणं, शब्द न् शब्द मोत्यासारखा. हवालदारसुद्धा दंड विसरून खिडकीवर हात टेकून ऐकू लागला. मागच्या सीटवर मथुराबाईची मान डोलत होती. डीजे गेलाच, असं केसरबाईला वाटलं.

गाणं संपलं. पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. रोशनी बटण बंद करायला विसरली होती, आणि इतके दिवस गाणी शेवटपर्यंत कुणी वाजू दिलीच नव्हती.

"झालं का गं पोरी?" टेपमधून केसरबाईचा स्वच्छ आवाज आला. "आता बघ, सासरी गेलीस की मथुराबाईच्या हातची बट्टी खायची नाही. परवा दिलेली चावायला गेले तर दाढ हलली. मी ती दाराला अडणी लावलीये. वाऱ्यानं दार हलत नाही बघ."

नवनाथनं टेप बंद केला, पण उशीर झाला होता. केसरबाई समोरच्या काचेकडं बघत बसली. पोरीचं लग्न मोडतं की काय, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा वाचता येत होतं.

"ऐकू आलं," मागून मथुराबाई म्हणाली. "शब्द न् शब्द."

आणि मग केसरबाईला सुचलं. हळदीच्या गाण्यांत विहिणीला वाटेल ते बोलायची मुभा असते. तिच्या नाकावर, चालीवर, सैपाकावर गायचं आणि तिनं हसून घ्यायचं. रागावली तर ती विहीण कसली? तोच अपमान साध्या बोलण्यात केला तर भांडण, चालीवर केला तर रीत. केसरबाईनं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेका धरला आणि मागं न बघताच सूर लावला.

"विहीणबाईनं बट्टी केली गं बाई,
दाढ हलली पण बट्टी फुटंना..."

हे त्या गाण्याचंच शेवटचं कडवं आहे, असा चेहरा तिनं केला होता. आता मथुराबाईची पंचाईत. राग धरावा तर रीत मोडते, धरू नये तर बट्टी. तिनं पदर खोचला आणि मागच्या सीटवरून सणसणीत उत्तर दिलं.

"केसरबाईनं गळा काढला गं बाई,
ट्रकवाला म्हणतो साइड द्या..."

गाडीत जो हशा उसळला, त्यानं नाक्यावरची वाहतूक पुन्हा थांबली. हवालदारानं कपाळाला हात लावला आणि "जाओ, जाओ, शादी में जाओ" म्हणून हाकलून दिलं. डोकमर्डीपर्यंत दोघी विहिणी एकमेकींना गाण्यातून सोलत गेल्या. शनिवारी लखनला विडा गेला, पण तो पाहुणा म्हणून जेवायला येण्याचा.

हळदीला व्हॅनची दारं उघडली, गाणी लागली आणि केसरबाई नाचली. पण लोकांनी सगळ्यात जास्त वेळा लावायला सांगितलं ते गाणं नव्हतंच, ते शेवटचं बोलणं. मथुराबाईनं त्या दिवशी हट्टानं स्वतः बट्टी केली आणि पहिलं ताट केसरबाईपुढं ठेवून समोर बसली. केसरबाईनं ती खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते पोरीच्या लग्नाचं, असं ती सांगते.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कधी डोकमर्डीला आलात आणि मथुराबाईनं तुमच्या ताटात बट्टी वाढली, तर मुकाट खा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा की मऊ झालीये.