आईची कबर आणि माझा ग्रीक शहाणपणा

गेले काही रविवार मी आमच्या नंदाखाल गावच्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेनंतर मोठ्यांचा वर्ग घेत होतो. विषय मीच निवडलेला: सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांनी ग्रीक तत्त्वज्ञानाकडून काय घेतलं. अमर आत्मा, देह म्हणजे त्याचा तुरुंग, ही भाषा तिकडचीच, असं मी ऐटीत सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर.

त्याच सुमारास चर्चच्या फलकावर जुन्या कबरींची यादी लागली. आमच्याकडे दफनभूमीत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं त्यासाठीच राखलेल्या कोरड्या सामायिक विहिरीत ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. यादीत आईची कबर होती. बाबांना ती ठेवून घ्यायची होती, पुढे त्यांनाही तिथेच ठेवावं म्हणून. फादरना अर्ज दे, एवढंच ते म्हणत होते. अर्ज लिहायचं सोडून मी त्यांचाच वर्ग घेतला. खाली नुसती हाडं आहेत, आई तिथे नाहीच, असं तासभर सांगितलं. त्यांनी अर्जाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी धरून चाललो की पटलं.

कबर उघडली त्या सकाळी मी एकटाच गेलो. खोदणाऱ्याने डाव्या हाताचं एक हाड माती झटकून बाजूला ठेवलं. ते वाकडं जुळलेलं होतं. आई केळीच्या बागेत पाटात पडली होती, हात तसाच वाकडा बसला, आणि त्याच हाताने ताट धरून ती मला भरवायची. त्या विचारवंतांनी ग्रीकांचं एवढं घेतलं, पण देह पुन्हा उठेल हा हट्ट सोडला नाही. ग्रीक हसले तरी सोडला नाही. वर्गात हे मी दोन वाक्यांत उरकलं होतं. मला माझीच भयंकर चीड आली.

तसाच फादरकडे धावलो. उशीर झाला होता. दुपारच्या मयतासाठी ती जागा देऊन झाली होती. घरी आलो तरी मला एका जागी बसवेना. ओटीवर येरझारा घालत बाबांना सगळं सांगितलं, हाताचंही. दुसऱ्या दफनभूमीत कायमची जागा बघतो, असं काहीबाही बोलत सुटलो.

"मला आता कुठंही ठेव," बाबा म्हणाले. "फक्त समजावू नको."