सुभाषभाऊची गाडी मंद का पडली

ब्रेकचे पॅड माझ्या हातात होते आणि सुभाषभाऊ मला इंजिन खोलायला सांगत होता.

"इंजिनात काही नाही," मी म्हटलं.

"मग गाडी मंद का पडते?"

"गाडी मंद नाही."

"मग काय मी मंद आहे?"

मी पॅड फडक्यात गुंडाळले आणि चहा सांगितला. माझ्या तोंडाला कुलूप नसतं, हे धुळ्यात सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याच्या गाडीवर अर्धी हयात घातली, त्याला "तू म्हातारा झालास" असं चहाच्या आधी सांगवत नाही.

सुभाषभाऊ जळगावचा. त्याची डाळ मिल आहे. आणि तो मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवतो. पीक निघालं की मोकळ्या रानात लोक वळणावळणाचा ट्रॅक आखतात, तिथे या शर्यती होतात. गाडी साधीच असते. आतल्या सीटा, गालिचा, काचा सगळं काढून टाकायचं आणि लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा. गाडी उलटली तर पिंजऱ्यामुळे माणूस वाचतो. तीनचार गाड्या एकदम सोडतात. वर्षभर वेगवेगळ्या गावांत राउंड होतात, प्रत्येक राउंडचे पॉइंट मिळतात, आणि शेवटी ज्याचे पॉइंट जास्त तो चॅम्पियन. भाऊ पाच वेळा चॅम्पियन झाला. पाचही वेळा गाडी माझ्या गॅरेजमधून गेली होती. मी चौथी शिकलेला माणूस. हायवेवर ट्रकची कामं करून पोट भरलं, पण रेसची गाडी ही माझी हौस.

त्या वर्षी भाऊने साठी ओलांडली होती. पहिल्या राउंडांत तो पुढे होता. मग नाशिकचा एक तरणा पोरगा दर राउंडला त्याला गाठत गेला. शेवटचा राउंड दोंडाईच्याजवळ होता, आणि तोपर्यंत दोघांत नखाएवढा फरक उरला होता. जो तिथे पुढे येईल तो चॅम्पियन. भाऊला सहावी चॅम्पियनशिप हवी होती. "पाच हा काही आकडा नाही," असं म्हणायचा. म्हणजे पाच झाल्यावर म्हणायला लागला.

तर गाडी मंद पडते ही तक्रार मी मनावर घेतली. आधी कॉम्प्रेशन बघितलं. कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाच्या छातीत किती दम आहे ते. दम पुरा होता. पेट्रोलची लाइन साफ केली, प्लग बदलले, क्लच बघितला. मी स्वतः हायवेवर फिरवून आणली. गाडी तोफेसारखी होती. मग चाकं काढली आणि पुढचे ब्रेक पॅड बाहेर आले, तेव्हा मी थबकलो.

पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. हे कधी होतं ते सांगतो. चांगला ड्रायव्हर वळणाच्या अगदी तोंडाशी जातो, एकदाच जोरात ब्रेक मारतो आणि सोडतो. त्याचा पॅड खरबरीत राहतो. जो लांबूनच ब्रेकवर पाय टेकवतो आणि धरून ठेवतो, त्याचा पॅड तापून तापून गुळगुळीत होतो. घाटात नवशिक्या ट्रक ड्रायव्हरचे असे होतात. भाऊचे पॅड असे मी कधी पाहिले नव्हते. डोळे मिटून दिले असते, तर मी म्हटलं असतं, हे भाऊचे नाहीतच.

मी मनात धरलं की भाऊ घाबरायला लागला. वय झालं की भीती येते, त्यात लाज नाही. चहा संपल्यावर सांगून टाकलं.

"भाऊ, तू ब्रेक लवकर मारतोस."

"कोण म्हणतं?"

"पॅड म्हणतात."

"पॅड!" तो उठला. "मिस्तरी, बायको गेली तशी तुझी अक्कलपण गेली. इंजिन खोल, नाहीतर मी गाडी दुसरीकडे नेतो."

असं तो बोलला. मला राग नाही आला. माझी हिरा दिवाळीनंतर गेली होती, आणि तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, जसं काही मीच आजारी आहे. शिवी देणारा तो एकटाच उरला होता.

मी म्हटलं, "ने."

त्याने नेली नाही.

मधे आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण. घरातलं माणूस गेलं असेल तर पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची नवी घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात. आणि त्याच्या नावाने एक माणूस जेवायला बसवतात. गेलेली बाई सवाष्ण असेल तर सवाष्ण बसवायची. माझी मुलगी मंदा सुरतेहून आली होती, तिने सांजोऱ्या केल्या, रस केला. शेजारच्या बाईला बसवायचं ठरलं होतं. तेवढ्यात सुभाषभाऊची बायको, शोभावहिनी, जळगावहून एकट्या आल्या.

"हिराच्या नावानं मी बसते," त्या म्हणाल्या. "तिच्याबरोबर उन्हात इतकी वर्षं बसले, आज पाटावर बसते."

खरं होतं ते. शर्यतीच्या दिवशी ह्या दोघी छत्रीखाली बसायच्या. हिरा डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा न्यायची, आणि निम्मा ट्रॅक तिथेच जेवायचा. गाडी कुठली पुढे आहे हे हिराला शेवटपर्यंत समजलं नाही. धूळ उडाली की विचारायची, "आपली कोणती?"

वहिनी जेवल्या. मंदाने त्यांना हळदकुंकू लावलं, खण दिला. मी ओसरीवर बसलो होतो. घागरीकडे बघवत नव्हतं, म्हणून रस्त्याकडे बघत होतो. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "मिस्तरी, तुमचं आणि ह्यांचं भांडण झालं म्हणे."

"भांडण नाही. तो घाबरायला लागलाय, ते सांगितलं."

"घाबरतील ते? ते?" वहिनी हसल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. "रात्री समोरून गाडी आली की हे आपली गाडी कडेला घेतात. म्हणतात फोन आला. फोन आलेला नसतो."

मी रस्ता सोडून त्यांच्याकडे बघितलं.

"मिलवर मूठभर डाळ हातात घेतली की लांबूनसुद्धा खडा दिसायचा ह्यांना. आता मुनीमजीच्या हातात देतात, म्हणतात, तू बघ, तुला शिकायला पाहिजे. मुनीमजी सत्तरीचा आहे, मिस्तरी. तो आता काय शिकणार?"

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले. म्हणाले, तुला शर्यतीतलं काय कळतं. बघा बाई. डोळे ह्यांचे आणि कळत मला नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात पॅड आणि डोळा एकत्र बसले. वळण धूसर दिसत असेल तर माणूस लांबूनच ब्रेक धरणार. तो भीत नव्हता. त्याला वळण उशिरा दिसत होतं. मी पॅड बरोबर वाचला होता, पण माणूस चुकीचा वाचला.

आता सांगायचं कसं? सरळ सांगितलं तर म्हणणार, माले बठ्ठं दिसस, मला सगळं दिसतं. आणि शर्यतीआधी डॉक्टरचा दाखला लागतो, पण ओळखीचा डॉक्टर बीपी बघतो आणि सही करतो. त्या वाटेने त्याला कुणी अडवणार नव्हतं.

मी फोन करून म्हटलं, "भाऊ, गाडी तयार आहे. प्रॅक्टिसला ये. ऊन कलल्यावर ये, शेवटची फेरी त्याच वेळेला असते."

दोंडाईच्याच्या वाटेवर भाऊच्या ओळखीचं पडीक रान होतं, तिथे आम्ही फेरी मारायचो. तो आला तोच घुश्शात.

"इंजिन खोललं?"

"नाही. नवे पॅड टाकले."

"तुझ्या पॅडची..." असं म्हणून तो हेल्मेट घालायला लागला.

मी म्हटलं, "ऐक. पश्चिमेच्या वळणावर मी पिवळा झेंडा घेऊन उभा राहतो. झेंडा दिसला की वेग उतरव. नुसती सवय."

पिवळ्या झेंड्याचा अर्थ सांगतो. पुढे एखादी गाडी उलटली असेल, माणूस ट्रॅकवर पडला असेल, तर वळणावरचा माणूस पिवळा झेंडा हलवतो. मागून येणाऱ्याने वेग उतरवायचा, पुढच्याला ओलांडायचं नाही. शर्यतीत बाकी सगळं चुकलं तरी चालतं, हे चुकून चालत नाही.

तो सुटला. पहिली फेरी मी झेंडा खालीच ठेवला. सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे त्याच्या थेट तोंडावर. धूळ सोन्यासारखी चमकत होती. दुसऱ्या फेरीला मी झेंडा वर केला आणि दोन्ही हातांनी हलवला. ब्रेक लांबूनच लागला होता, आवाजावरून कळत होतं. पण वेग उतरला नाही. गाडी माझ्या समोरून गेली. मी इतका जवळ होतो की त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं. तो समोर बघत होता, मान ताठ.

तिसऱ्या फेरीलाही मी झेंडा हलवला. तशीच गेली.

चौथ्या फेरीला त्याने गाडी माझ्याजवळ आणून थांबवली. हेल्मेट काढलं. "अरे झेंडा दखाड ना भो! किती फेऱ्या मारू?"

"दाखवला."

"कधी?"

"दोनदा."

तो हसला. मग माझ्या हाताकडे बघितलं. झेंडा हातातच होता, काठी घामाने ओली झाली होती. त्याने इंजिन बंद केलं. रानात एकदम शांत झालं. लांब कुठेतरी पाण्याचा पंप चालला होता, तेवढाच आवाज.

"खोटं बोलतोस."

"हिराची शपथ."

ती शपथ मी कधी घेत नाही, त्याला माहीत होतं. तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिला. मी म्हटलं, "तू पाइपांच्या पिंजऱ्यात आहेस, तुला काही होत नाही. पण नाशिकचा तो पोरगा वळणापलीकडे उलटा पडलेला असला तर?"

तो म्हणाला, "शोभा बोलली ना तुझ्याशी?"

"वहिनी जेवायला आल्या होत्या."

"तीन वर्षं झाली, मिस्तरी. आधी वाटलं काच खराब आहे. हेल्मेटची. चार हेल्मेटं बदलली."

"मला सांगायचं."

"तुला? तू अख्ख्या हायवेला सांगितलं असतं."

तेही खरंच.

त्याने डॉक्टरला डोळे दाखवले आणि शेवटच्या राउंडमधून नाव काढून घेतलं. कारण कुणाला सांगितलं नाही, पण मग अफवा नको म्हणून स्वतःच नाशिकच्या पोराला फोन केला. म्हणाला, "बेटा, मोतीबिंदू आहे. मजेत चालव." पोरगा चॅम्पियन झाला. मला वाटलं होतं भाऊ त्या दिवशी घरात तोंड लपवून बसेल. तो दोंडाईच्याला आला, काळा चष्मा लावून माझ्याशेजारी बसला आणि दर फेरीला मला विचारत राहिला, कोण पुढे आहे.

पावसाळ्यात जळगावला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा गॅरेजला आला तो दारातच थांबला. म्हणाला, "मिस्तरी, तू एवढ्या घाणीत काम करतोस?" मग माझ्याकडे बघितलं. "आणि तू एवढा म्हातारा कधी झालास?"

पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला. ब्रेक आता वळणाच्या तोंडाशी लागत होता, जुन्यासारखा. शेवटच्या राउंडला तो आणि नाशिकचा पोरगा पुन्हा बरोबरीत होते. लोक म्हणत होते, म्हातारा घेणार सहावी. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

हरला. गाडीत खोट नव्हती, डोळ्यात नव्हती. पोरगा शेवटच्या वळणावर आतून घुसला. भाऊने ते बघितलं, ओळखलं, स्टिअरिंगही फिरवलं, पण हात तेवढे लवकर गेले नाहीत. गाडीतून उतरला तेव्हा मी पाण्याची बाटली घेऊन गेलो.

तोच बोलला. "दिसलं रे मला. बठ्ठं दिसलं. कसा घुसला ते चाकापर्यंत दिसलं."

"मग?"

"मग काय. गेल्या वर्षी मी कशाला हरत होतो तेच कळत नव्हतं. आज तो माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून हरलो." आणि पोराच्या पाठीवर थाप मारायला गेला.

अजूनही जळगावचे, चोपड्याचे लोक गॅरेजला थांबून विचारतात, मिस्तरी, भाऊ सहावी चॅम्पियनशिप घेईल का? मी सांगतो, नाही घेणार. भाऊ समोर असला तरी सांगतो. तो म्हणतो, बघू, आणि नाव नोंदवतो.

मी त्यातून एक गोष्ट शिकलो. काही बिघडलं की माणूस आधी गाडी खोलतो. गाडीत बिघाड असतोच असं नाही. पण गाडीला राग येत नाही.