शिकारीचे पैसे वसूल

अमेरिकेत रेडमंडमधले आमचे शेजारी, रिटायर्ड इंजिनिअर काका, कशाचेही पैसे वसूल केल्याशिवाय सोडत नाहीत. सिनेमा संपला तरी शेवटची पाटी सरकून जाईपर्यंत ते खुर्चीतून उठत नाहीत. कार वॉशला गेले की काचा लावून गाडीतच बसतात. धबधब्याखालून जायला बाहेर वेगळं तिकीट पडतं म्हणे!

असे हे काका ऑफिसातल्या जुन्या मित्रांबरोबर मोन्टानात एल्कच्या शिकारीला गेले, तेव्हा मी उडालेच. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा घोड्याएवढा थोरला भाऊ. पॅकेज पाच दिवसांचं: तंबू, घोडा, जेवण आणि जंगल दाखवायला गाइड.

परतल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं. पहिल्याच सकाळी म्हणे एल्क समोर येऊन उभा राहिला. गाइड कानात कुजबुजला, "शूट!" काकांनी बंदूक खाली घेतली.

"का हो काका?"

"अगं, परवाना एकाच एल्कचा. मारला की ट्रिप खलास! उरलेल्या चार दिवसांचा घोडा आणि नाश्ता कोण वसूल करणार?"

मग रोज घोडा, रोज नाश्ता आणि रोज लांबून एल्क. गाइडने कपाळाला हात लावला.

"मग शेवटच्या दिवशी तरी मारायचा!" मी म्हणाले.

"शेवटच्या दिवशी ना," काका कपात बघत म्हणाले, "तो जेवत होता."

मी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"पुढच्या वर्षी परत जाणारे," त्यांनी लगेच आवाज चढवला. "फक्त गोळ्या नाही घेणार. उगाच खर्च!"