वस्तऱ्याखालचं एकमत

तलासरी नाक्यावरच्या त्या सलूनवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वस्तरा गळ्याशी आणून तो थांबायचा आणि मगच गिऱ्हाइकाचं मत विचारायचा.

समाजशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी पुस्तक मांडीवर घेऊनच दाढीला बसलो. आद्य विचारवंतांच्या फोटोंकडे बघून तो हसला.

"सगळे दाढीवाले! सलूनची पायरी कधी चढले नाहीत, यांना समाज काय कळणार? बोला भाऊ!"

वस्तरा थांबला.

"काही नाही कळणार," मी म्हणालो.

बाकावर बसलेल्या, जवळच्या वेवजी गावच्या दोघांनीही जोरात माना डोलावल्या. त्यांचा नंबर यायचा होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिलाच प्रश्न होता, समाजात एकमत कसं तयार होतं? मी गळ्यावरून हात फिरवला आणि पुरवणी मागितली.