न फुटलेल्या परीक्षानळ्या

हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. रोज सकाळी कळंब्याच्या तलावावर मित्रांबरोबर फिरतो, शाळेच्या गमतीजमती रंगवून सांगतो – आणि नेमकी ही एक गोष्ट गिळतो.

मी मुख्याध्यापक होतो. कडक, असं लोक म्हणायचे; मलाही ते आवडायचं. मोठ्या मिनतवारीनं शाळेला प्रयोगशाळा मिळाली होती – काचेची कपाटं, दोन सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्यांचे खोके. किल्ली माझ्या खिशात. का? काही फुटलं तर उत्तर मला द्यावं लागणार. शिवाय तपासणीला आलेले साहेब ते कोरं करकरीत सामान बघून म्हणायचे, "वा, काय ठेवलंय!" त्या 'वा'चा मी भुकेला होतो.

सुजाता मॅडम विज्ञान शिकवायला आल्या, तीन वर्षांच्या कच्च्या नेमणुकीवर. माझा अहवाल चांगला गेला तरच कायम होणार होत्या. दर आठवड्याला दारात उभ्या – "सर, एक तास तरी द्या की किल्ली. पोरास्नी लिटमस लाल झालेला बघायचाय."

मी म्हणायचो, "बघू."

मग त्या घरून लिंबू, हळद, खायचा सोडा आणायला लागल्या. पुढं तेही थांबलं. तिसऱ्या वर्षी फळ्यावर आकृती काढायच्या, वाचून दाखवायच्या, घंटेची वाट बघायच्या. मला दिसत नव्हतं? दिसत होतं की.

त्याच वर्षी नवे साहेब आले. त्यांनी 'वा' म्हटलं नाही. प्रयोगशाळा वापरात का दिसत नाही, असं सरळ विचारलं. आणि मी – काय सांगू – घाबरलो. सुजाता मॅडमच्या तासाला जाऊन बसलो. तास कंटाळवाणा होता, हे खोटं नाही. खोटं पुढं आहे. अहवालात मी लिहिलं: 'वारंवार सांगूनही प्रयोगशाळेचा वापर करत नाहीत.' लिहिताना खिशातली किल्ली मांडीला टोचत होती.

त्या कायम झाल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. "येते, सर," एवढंच म्हणाल्या. आता इचलकरंजीत एका कापडाच्या दुकानात उभ्या असतात, असं ऐकतो. मी त्या बाजूला जात नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी चार्ज दिला. नव्या मुख्याध्यापकांनी यादी घेऊन एकेक वस्तू तपासली. इतक्या वर्षांत एकही परीक्षानळी फुटली नव्हती. त्यांनी ते सभेत मुद्दाम सांगितलं. टाळ्या वाजल्या, आणि मी हात जोडून त्या घेतल्या.