मोटारीचं पथ्य

मी स्वभावाने मुळीच संशयी नाही. लोकच तसे वागतात, त्याला मी काय करणार?

त्या काळी मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करत होतो आणि नुकतीच एक मोटार घेतली होती. (वापरलेली. विकणारा म्हणाला, "एका डॉक्टरांची आहे, जपून वापरलेली." डॉक्टरांचा पत्ता मागितला तर म्हणाला, "ते वारले." मग ते कशाने वारले, मोटारीचा त्यात कितपत हात होता, ही सगळी चौकशी करूनच मी व्यवहार केला.) मोटार घ्यायचं खरं कारण म्हणजे माझी धाकटी बहीण कुसुम. ती आईजवळ देवरूखला असायची आणि तिच्यासाठी केळशीचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शिकलेला, मुंबईला नोकरीला. त्याचा फोटो आईने कुसुमला दाखवायला म्हणून दिला होता. तो तिने परत दिलाच नाही. त्यावरून आम्ही काय ते ओळखलं.

अडचण एकच होती, मुलाचे वडील अण्णा. ह्या गृहस्थांनी आधी कितीतरी मुली पाहून नाकारल्या होत्या. एका घरी चहा फार चांगला मिळाला, तेव्हा म्हणाले, "एवढी सरबराई करून लपवताय काय?" दुसरीकडे मुलगी गाणं सुरेख म्हणाली, तर ते गाणं कोणी बसवून दिलं आणि कधी, ह्याची उलटतपासणी! हे अण्णा वैशाखात आगबोटीने रत्नागिरीला उतरणार आणि मी त्यांना मोटारीने देवरूखला नेणार, असं ठरलं. आईचा निरोप आला, "नीट आण त्यांना. वाटेत फार बोलू नकोस."

नेमका त्याच वेळी आमचा मेहुणा बंडू आंबे खायला येऊन राहिला होता. हा मुंबईला एका मोटार कंपनीत कारकून. म्हणजे मोटारींची बिलं लिहायचा, पण ऐट अशी की मोटार ह्यानेच शोधून काढली. त्याने एक दिवस बॉनेट उघडलं, आतली पट्टी काढून तेल पाहिलं आणि मान हलवली.

"भाऊजी, हे तेल बदला. जाड घाला, पन्नास नंबरचं."

"का?"

"हे पातळ आहे. थंडीत चालतं. ह्या उन्हात तापून त्याचं आणखी पाणी होतं आणि मग लोखंडावर लोखंड घासतं. गरम मुलखात मुळातच जाड तेल घालायचं असतं."

"उन्हाळ्यात माणूस ताक पितो आणि मोटारीला तू श्रीखंड चारणार?"

"मोटार म्हणजे माणूस नव्हे, भाऊजी."

(हे विधान त्याने पुराव्यानिशी शाबीत केलं नाही, हे नमूद करून ठेवतो.)

मी रामआळीत दाऊदशेठच्या दुकानी गेलो. मोटारीचं तेल तेच ठेवत. काही न सांगता मी नुसतं विचारलं, "शेठ, ह्या दिवसांत कुठलं तेल चांगलं?"

"जाडं घ्या, वकीलसाब. पन्नास नंबर. गर्मीत पतलं तेल टिकत नाय."

मी सावध झालो. दोन साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलू लागले की ते पढवलेले असतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. त्यातून आदल्या दिवशी बंडूला मी ह्याच दुकानात चहा पिताना पाहिलं होतं! शिवाय पन्नास नंबरचं तेल महाग. आणि दाटपणाचं म्हणाल, तर तुपाला दाटपणा आणायला लोक त्यात बटाटा कुस्करून घालतात, हे मला ठाऊक होतं. तेलात काय घालत असतील ते देव जाणे.

खात्री करून घ्यावी म्हणून मी उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या अड्ड्यावर गेलो. एक ड्रायव्हर गाडीखाली उताणा पडला होता. मी त्याच्या पायांना प्रश्न विचारला.

"जाडंच घालायचं," पायांकडून उत्तर आलं.

तोंड बाहेर काढण्याचीही तसदी नाही. विचार न करता इतक्या झटकन उत्तर कोण देतो? ज्याला ते आधी सांगून ठेवलेलं असतं तो! टोळी मला वाटली होती त्याहून मोठी निघाली.

घरी आमची ही म्हणाली, "अहो, तिघं तेच सांगतायत, तर खरं असेल."

"तिघं तेच सांगतायत, म्हणूनच खोटं आहे."

"मग कोणी सांगितलं म्हणजे तुमची खात्री पटेल?"

"ज्याचा ह्यात काडीचा संबंध नाही, अशा माणसाने."

"मग जा, तात्या वैद्यांना विचारा," असं म्हणून ती रागाने आत गेली.

ती उपरोधाने बोलली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या वेळी मला ती सूचना अत्यंत मार्मिक वाटली. तात्या वैद्य आमचे शेजारी. ते जन्मात मोटारीत बसले नव्हते, बंडूची आणि त्यांची ओळख नव्हती आणि दाऊदशेठचा चहा तर ते प्यायलेच नसते. मी बोलावताच ते उपरणं सावरत अंगणात आले. मोटार उन्हात उभी होती. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"ताप आहे," ते म्हणाले. "धूर निघतो का?"

"चढणीला थोडा निघतो."

"रंग?"

"निळसर."

"हं. पित्त आहे. ग्रीष्मात अग्नी मंद असतो, वकील. जड, घट्ट, चिकट असं सगळं वर्ज्य. पातळ द्या, हलकं द्या."

कोर्टात आयुष्य घालवलं, पण असा निःस्पृह साक्षीदार मला मिळाला नव्हता. मी तडक दाऊदशेठकडे गेलो आणि सगळ्यांत पातळ तेल मागितलं. ते त्यांनी मागच्या फळीवरून काढलं, डब्यावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "वकीलसाब, हे तुम्ही घेऊ नका." दुकानदाराला जो माल विकवत नाही, तो नक्कीच उत्तम असणार. मी दोन डबे घेतले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली! एरवी हँडल मारून माझा खांदा निखळायचा. मी बंडूकडे पाहिलं. बंडूने आंब्याची बाठ चोखत आभाळाकडे पाहिलं.

अण्णा आले. आगबोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरले, मला नमस्कार केला आणि आधी मोटारीभोवती एक फेरी मारली.

"ही तुमचीच?"

"हो."

"आजच्यापुरती मागून आणलेली नव्हे?"

मी खिशातून कागद काढून दाखवले. त्यांनी ते उजेडात धरून वाचले. खरं सांगतो, मला तो माणूस फार आवडला.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "ऊन जरा उतरलं की निघू."

"म्हणजे काळोखात पोचायचं?" अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

तेव्हा भर उन्हात निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी अण्णा, मागे बंडू आणि आंब्याची करंडी. वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा लागत होता. पण मोटार हातखंबा मागे टाकून, संगमेश्वर ओलांडून अशी धावली की मी मनातल्या मनात तात्यांना एक धोतरजोडी देऊन टाकली. देवरूख कोसभर राहिलं आणि शेवटचा चढ लागला. तिथे इंजिनातून टक टक असा आवाज यायला लागला.

"हा आवाज कसला?" अण्णांनी विचारलं.

"कसला आवाज?" मी म्हटलं.

"बेअरिंगचा," मागून बंडू म्हणाला.

टकटक वाढत गेली. मग खडखड झाली, बॉनेटखालून निळा धूर निघाला आणि चढाच्या बरोबर मध्यावर मोटारीने प्राण सोडले. बंडूने खाली उतरून तेलाची पट्टी बाहेर काढली. तिच्यावरून तेल टपटप गळून गेलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "ह्याचा काढा झालाय."

अण्णा रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावर जाऊन बसले. त्यांनी कलत्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वकील, गाडी मुद्दाम बंद पाडलीत."

"मुद्दाम? मी?"

"काळोख करायचा आणि मुलगी दिव्याच्या उजेडात दाखवायची. मी काय आज मुली पाहतोय? उलटी जाणारी सर्व्हिस मोटार मिळाली की मी परत जातो."

कोसभरावर कुसुम नवं लुगडं नेसून बसली असेल, तो फोटोही जवळ असेल आणि इथे माझ्या मोटारीपायी तिचं लग्न मोडत होतं. मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं.

"अण्णा, शपथेवर सांगतो, कट नाही. चूक झाली. मी तेल चुकीचं घातलं."

"कुणी सांगितलं ते घालायला?"

मी रुमालाने बॉनेट पुसू लागलो.

"सांगा की," बंडू म्हणाला. असा आनंद मी फिर्यादीच्या वकिलाच्याही तोंडावर पाहिलेला नाही.

"वैद्यांनी," मी म्हटलं.

"कसल्या वैद्यांनी?"

"आमच्या शेजारी असतात. औषधं देतात."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि मोटारीतलं कळणारं कोणी भेटलं नाही?"

"तिघं भेटले. मी, दाऊदशेठ आणि एक ड्रायव्हर," बंडूने साक्ष दिली. "तिघांनीही खरं सांगितलं. भाऊजींना तेच संशयास्पद वाटलं."

अण्णांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तेवढ्यात शेतात खत टाकून बैल घेऊन परतणारा एक शेतकरी तिथे थांबला. मोटार ओढून देतोस का, असं मी विचारलं, तर त्यालाही शंका आली.

"वडीन वो. पन ही मधीच सुरू नाय ना व्हनार? माजे बैल बुजतील."

"तेल वकीलसाहेबांनी घातलंय," बंडू म्हणाला. "आता सुरू व्हायची नाही."

एवढ्यावर त्याची खात्री पटली. बैल जुंपले. अण्णा मोटारीत बसले, कारण पायी गेलो तर मागे आपली वळकटी कोणीतरी उघडून पाहील, अशी त्यांना शंका होती. आम्ही देवरूखच्या बाजारपेठेतून बैलांनी ओढलेल्या मोटारीत बसून गेलो. स्टिअरिंग मी तेवढ्यातही धरून ठेवलं होतं.

ऊन अजून अंगणात होतं. अण्णा घरात शिरलेच नाहीत. "इथेच पाहू," म्हणाले. कुसुम आली, नमस्कार करून उभी राहिली. गाणं नाही, शिवण नाही, रांगोळी नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "तुझ्या दादाला मोटारीतलं काही कळतं?"

आईने मला डोळ्यांनी खुणावलं. मी कुसुमला खुणावलं.

"नाही," कुसुम म्हणाली.

"मग त्याला कोणी सांगत नाही?"

"सगळे सांगतात."

अण्णा पहिल्यांदा हसले. तिथल्या तिथे त्यांनी स्थळ पसंत असल्याचं सांगून टाकलं. आईचा विश्वास बसेना. "तुमची सगळी चौकशी झाली ना?" तिने भीतभीत विचारलं.

"वाटेतच झाली," अण्णा म्हणाले. "तीन माणसं खरं सांगत असताना ज्याने इतके कष्ट घेऊन स्वतःलाच फसवलं, त्याला दुसऱ्यांना फसवायला सवड कुठून मिळणार?"

आईने हे लगेच मान्य केलं. (थोडा तरी विचार करायला हवा होता!) इतकी वर्षं वकिली केली, पण माझ्या सचोटीबद्दलचा निकाल तेवढा एकदाच माझ्या बाजूने लागला, आणि तोही मूर्खपणाच्या मुद्द्यावर.