बेसिनच्या कडेवरचा कागद

डिचोलीतल्या एका औषध कंपनीत मी अमाइनवर काम करते. म्हणजे रेणूतल्या नायट्रोजनला मिथिल गट जोडून द्यायचा. जोडणी घडवतो पॅलेडियम हा धातू, कोळशाच्या काळ्या भुकटीवर बसवलेला. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा तो काम झालं की बाजूला होतो. पण गाळून घेतलेली ही भुकटी ओली ठेवावी लागते. सुकली तर नुसत्या हवेनेही पेट घेते. म्हणून गाळणकागदासकट पाण्याच्या बरणीत बुडवायची आणि वहीत तशी नोंद करायची.

मी मुळातच उतावळी. त्या दुपारी कागद बुडवल्याची नोंद आधीच केली. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं, म्हणून कागद नळाखाली धरला, बेसिनच्या कडेवर ठेवला आणि गेले. दीड तासाने आले तर कागद जागेवर नव्हता.

बरणीत नाही, कचऱ्यातही नाही. मग आठवलं आणि माझी पाचावर धारण बसली. त्याच कडेवर मी साफसफाईच्या काकींसाठी साधे, बिनधोक गाळणकागद ठेवत असे. जाड कागद, सुकवले की चुलीला बरे. काकींची कामाची पाळी संपली होती आणि त्या फोन उचलत नव्हत्या.

काकी राहतात ते मुळगाव काही लांब नाही, पण घाईत मी दोनदा स्कूटर रस्त्याखाली उतरवली. काकींच्या न्हाणीला लागून गवताची गंजी आहे. वाटभर मला तीच दिसत होती. धूर दिसतोय का म्हणून मी झाडांच्या वर बघत होते.

गंजी शाबूत होती. काकी मागच्या पायरीवर बसल्या होत्या, उजवा हात पाण्याच्या तपेल्यात. समोर जांभ्या दगडावर काळा चोथा पडला होता, त्यावर त्यांनी कळशी ओतली होती.

"सुकत घातलेलो. उचलूक गेलंय तर आपसूक पेटलो," त्या म्हणाल्या. तळवा लालभडक झाला होता. मी जवळ बसले तशा घाईने म्हणाल्या, "कोणाक सांगू नको गो बाय. कंपनीतलो कागद घरा हाडलो म्हणून कामावरसून काडतले माका."

त्या मलाच घाबरत होत्या. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर वही आली, नोंदीखालची माझी सही आली.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, न्हाणीत पाणी तापवायच्या भाणातलं कढत पाणी सांडलं. शेजारी उभी राहून मी मान हलवली. हात बरा झाल्यावर काकी माझ्यासाठी डबाभर खतखतं, मिश्र भाज्यांचं, घेऊन आल्या. मी त्यांना वाचवलं, असं त्यांना आजही वाटतं.

वहीत तो कागद अजून पाण्यातच आहे.